अठरावा अध्याय

प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी द्यायचं, हे आपल्याला दुसरी-तिसरीत शिकवतात. डॉक्टर मंडळी ते सुरुवातीलाच देतात. घरातला कुठलाही जुना केसपेपर काढून बघा. वर तारीख, वजन, बीपी. मग तक्रारींच्या दोन ओळी. आणि त्याखाली एक प्रश्नचिन्ह काढून पुढे ‘टायफॉइड’, ‘अपेंडिक्स’ किंवा नुसतंच ‘व्हायरल’. पेशंटला बाकीचं अक्षर लागत नाही, प्रश्नचिन्ह मात्र लख्ख लागतं आणि जीव टांगणीला लागतो. माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात खरा मजकूर तोच. मला असं वाटतंय, अजून नक्की नाही, दोन दिवसांनी परत या, एवढं सगळं डॉक्टर त्या एका वळणात सांगून मोकळे होतात.

पंचाईत पुढे होते. कागद बिलिंगच्या टेबलावर पोचला की निदानाचा कोड घालावा लागतो, आणि कोडच्या रकान्यात प्रश्नचिन्ह बसत नाही.

हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’मधून येतात. आयसीडी म्हणजे रोगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण लागू होणं आणि टेबलापर्यंत पोचणं यांतलं अंतर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इस्पितळात अजून दहावीच भेटते. तिच्यात बावीस प्रकरणं आहेत. जंतुसंसर्ग पहिल्यात, गाठी आणि कर्करोग दुसऱ्यात, मग रक्त, मन, डोळे, कान, हृदय, फुफ्फुसं अशी सगळी देहयात्रा होते आणि आपण अठराव्या प्रकरणाशी येतो. इथले सगळे कोड ‘आर’ या अक्षराने सुरू होतात. प्रकरणाचं नाव लांबलचक आहे, मतलब एवढाच: ज्या लक्षणांना इतर कुठेही जागा मिळाली नाही, ती लक्षणं.

आपल्याकडे अठरावा अध्याय म्हणजे संशय फिटण्याची जागा. तिथे अर्जुन सांगतो, आता माझ्या मनात शंका राहिली नाही, तू म्हणशील ते करतो. या पोथीच्या अठराव्या अध्यायात शंका जशीच्या तशी राहते आणि वर तिला क्रमांक मिळतो. दुखतंय हे खरं, का दुखतंय ते ठाऊक नाही, हे इतक्या शिस्तीने लिहून ठेवणारा दुसरा ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवात साधी आहे. खोकला आर ०५, चक्कर आर ४२, डोकेदुखी आर ५१, कारण न कळलेला ताप आर ५०.९. उचकीलाही स्वतंत्र घर आहे, आर ०६.६. मग हळूहळू पुस्तक माणसांत येऊ लागतं. आर ४५.२ म्हणजे दुःखी असणं. आर ४५.४ म्हणजे चिडचिड आणि राग. आर ४६.१ म्हणजे चमत्कारिक अवतार, आर ४६.२ म्हणजे विचित्र आणि न उलगडणारं वागणं, आर ४६.५ म्हणजे संशयी स्वभाव आणि उत्तरं देताना उडवाउडवी. आपल्या कुटुंबाचा ग्रुप फोटो समोर ठेवून ही यादी वाचू नये. संसारात अडचणी येतील.

माझा लाडका कोड आर ४६.७. भेटीचं मूळ कारण झाकून टाकील इतकं पाल्हाळ, असा त्याचा अर्थ. कुणा अनामिक तज्ज्ञाने आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिक न बघता हे कसं लिहिलं, कळत नाही. “म्हणजे त्याचं असं झालं डॉक्टर, मेव्हण्याच्या धाकटीचं लग्न होतं, वाईला. आता वाई म्हटल्यावर सकाळी सातला निघणं आलं. गाडी भाच्याची. त्याला मी म्हटलं, बाबा रे, खंबाटकीत हळू घे...” गाडी घाटातून उतरते, लग्न लागतं, जेवणात मठ्ठा आंबट निघतो, परतीला पाऊस गाठतो. फी देऊन, चप्पल पायात सरकवून, दाराच्या कडीला हात लावल्यावर नाना मागे वळून म्हणतात, “आणि हां, दोन दिवस जिना चढताना छातीत जरा भरून येतंय. पण ते गॅसेसच असतील.” अनुभवी डॉक्टर नानांना परत खुर्चीत बसवतात, कारण त्यांना ठाऊक असतं की तक्रार आत्ता कुठे सुरू झाली.

या प्रकरणाच्या प्रारंभी एक छोटी टीप आहे. हे कोड कोणत्या परिस्थितीत वापरायचे ते तिच्यात सांगितलंय. सगळ्या तपासण्या करूनही नेमकं निदान झालं नाही; लक्षण आलं आणि आपोआप गेलं; निदान होण्याआधी पेशंट दुसरीकडे पाठवला; आणि चौथं, तात्पुरतं निदान केलं होतं, पुढच्या तपासणीला पेशंट परत आलाच नाही. मी या चौथ्यापाशी बराच वेळ रेंगाळलो. आपण सगळे त्यात आहोत. डॉक्टर म्हणतात, पाच दिवसांनी दाखवायला या. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. मग कोण जातंय? पुन्हा रांग, पुन्हा फी, वर डॉक्टर विचारणार की गोळ्यांचा कोर्स पुरा केला का, म्हणजे खोटं बोलणं आलं. इकडे आपण कांदाभजी खात असतो आणि तिकडे आपल्या केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह तसंच उभं असतं. कित्येक डॉक्टरांना आपलं निदान बरोबर आलं होतं की पेशंट देवाच्या कृपेने सुटला, हे आयुष्यभर कळत नसणार. बरा झालेला माणूस कळवत नाही. बरा न झालेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी बीएचएमएस झाली आणि आता मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या इस्पितळांचे चार्ट इथे तिच्या स्क्रीनवर येतात, ती ते वाचते आणि प्रत्येक आजाराला कोड लावते. त्यावर तिकडचं बिल ठरतं. ओहायोतल्या कुणाची छाती भरून आली तर पुण्यात तिला त्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं, तेही दिवसाचं टार्गेट सांभाळून. तिच्या धंद्याचं पहिलं सूत्र तिने मला ऐकवलं: “डॉक्टरनं लिहिलं नसेल ना काका, तर ते झालंच नाही.”

मी म्हटलं, “अगं, पण साखर चारशे दिसतेय, इन्सुलिन चालू आहे, म्हणजे मधुमेहच की.”

“तुम्हाला दिसतोय. मलाही दिसतोय. पण कागदावर डायबेटिस हा शब्द पाहिजे. नसेल तर क्वेरी टाकायची आणि उत्तराची वाट बघायची. आपण गृहीत नाही धरायचं.”

आजवर मला इतकी संयमी व्यक्ती भेटलेली नाही. आमच्याकडे तर पेशंट दारात उभा असतानाच चार जण गृहीत धरून बसलेले असतात.

मग तिने मला अमेरिकी कोडिंगचा एक नियम सांगितला. तो ऐकून मी चहा खाली ठेवला. पेशंट ओपीडीत आला, डॉक्टरांनी लिहिलं ‘बहुधा न्यूमोनिया’, तर न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही. ‘बहुधा’, ‘शक्यता’, ‘संशय’ यांतलं काहीही लिहिलेलं असलं तरी ते धरायचं नाही. जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच, म्हणजे खोकला, ताप. इथवर कुणालाही पटेल. पण तोच पेशंट दाखल झाला आणि घरी सोडतानाच्या कागदावर तोच ‘बहुधा न्यूमोनिया’ तसाच राहिला, तर तिथे न्यूमोनिया झालाच असं समजून कोड लावायचा. एचआयव्ही आणि कोविडसारखे थोडे अपवाद सोडले तर बाकी सगळ्यांना हाच न्याय. म्हणजे माणूस तोच, छाती तीच, ‘बहुधा’ही तोच. बाहेरच्या बाकावर तो संशय, आतल्या खाटेवर ते सत्य.

“मग त्याला खरं काय झालं होतं?” मी विचारलं.

“ते माझ्या स्कोपमध्ये नाही, काका.”

नियमामागे कारण आहे, आणि ते अगदी वेडगळ नाही. दाखल केलेल्या पेशंटवर तपासण्या आणि औषधोपचार त्या संशयित आजाराला धरूनच होतात, खर्च तसाच होतो, तेव्हा हिशेबही तसाच लावलेला बरा. हिशेबनीसाच्या जागी बसून बघितलं तर पटतं. मला गंमत वाटते ती एवढीच, की संशयाचं सत्यात रूपांतर व्हायला पुरावा लागत नाही, खाट लागते.

कारण न कळणं हे काही फक्त ‘आर’वाल्यांचंच नशीब नव्हे. गोळी चालू असलेल्या बहुतेकांच्या उच्च रक्तदाबामागे बोट ठेवावं असं एक कारण सापडत नाही. पण त्याला आय १० हा खास कोड आहे, रक्ताभिसरणाच्या नवव्या प्रकरणात त्याचं रिझर्व्हेशन आहे, आणि तो खिडकीशी पाय पसरून बसलेला असतो. अठराव्या प्रकरणाचा जनरल डबा फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्या अज्ञानाला अजून नाव पडलेलं नाही.

अज्ञानाची नोंद करण्याची ही विद्या जुनी आहे. लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापत. कारण ठरवायला गरीब म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या घरी जाऊन प्रेत बघत, नातेवाइकांना विचारत आणि कळवत. जॉन ग्राँट नावाच्या कापड-दुकानदाराने या याद्यांवरून १६६२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात १६३२ सालचा तक्ता आहे. वार्धक्याने ६२८, दातांनी ४७० (दात येण्याच्या वयातली ही बाळं), ‘अचानक’ ६२, ग्रहामुळे १३, दुःखाने ११ आणि घाबरून १. त्या ग्रहाच्या तेरांना आपण हसायचं काही कारण नाही. आपल्याकडे ते खातं अजून चालू आहे आणि चांगलं चाललं आहे. मला त्या अकरा जणांचं नवल वाटतं. कुणा एका म्हातारीने शेजारपाजाऱ्यांचं ऐकून घेतलं आणि ‘दुःख’ असं सरळ सांगून टाकलं. आजच्या पुस्तकात दुःखी असण्याला कोड आहे, पण त्याने मरायची सोय नाही.

आपल्याकडे इंग्रजी अमलात मृत्यूची खबर गावकामगार वर कळवत. रकाने मोजके: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, इतर. यांतला तापाचा रकाना नेहमी सर्वांत फुगलेला. हिवताप, क्षय, बाळंतरोग, न्यूमोनिया, सगळे त्याच पोत्यात. मेला तेव्हा अंग गरम होतं, यापलीकडे पाटलाने तरी काय सांगावं? त्यानेही प्रामाणिकपणे लक्षणच कळवलं. जॅक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागोला मृत्यूच्या कारणांची जी यादी मांडली, तीच पुढे वाढत वाढत आजची आयसीडी झाली. त्याचा भाऊ आल्फाँस हा गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांची ओळख पटवण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. एका घरात दोघांनाही ओळख पटवण्याचंच वेड.

मराठी वर्तमानपत्रांनी मात्र हा सगळा खटाटोप कधीच निकालात काढला. आमची यादी चार ओळींची: अल्पशा आजाराने, प्रदीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आणि वृद्धापकाळाने. यात न बसणारा माणूस महाराष्ट्रात मरतच नाही. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची तऱ्हा फार वेगळी नाही. मृत्यूच्या कारणाच्या नमुन्यात स्पष्ट सूचना असते की हृदय बंद पडणं वगैरे मरणाची रीत लिहू नका, त्यामागचा आजार लिहा. तरी घाईच्या वेळी पेन तिकडेच वळतं. मुळात डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू देशात नोंदलेल्यांपैकी २०२० साली सुमारे २२ टक्के होते. बाकीच्यांचं कारण समजून घ्यायला नमुना नोंदणी योजनेतले कर्मचारी घरोघर जातात, घरच्यांना शेवटच्या आजाराविषयी विचारतात, आणि ती हकिगत वाचून डॉक्टर कोड लावतात. इथे नानांचं पाल्हाळ कामाला येतं. जे डॉक्टरांनी ऐकलं नाही, ते सगळं त्या हकिगतीत सापडतं.

खरी अडचण घरच्या माणसांची आहे. त्यांना अठरावं प्रकरण मान्यच नाही. मराठी घरात कुठलंही लक्षण विनाकारण राहत नाही. आई म्हणते पित्त, आजी म्हणते उष्णता, आत्या म्हणते काल पांढऱ्या ड्रेसमध्ये फार गोड दिसत होती, नजर लागली. आणि मुलगा वयात आलेला असेल तर एकमुखाने मोबाईल. उचकी आली तरी कुणी आठवण काढली ते ठरवल्याशिवाय पाणी मिळत नाही. अशा घरात डॉक्टर येऊन ‘कारण सांगता येत नाही’ म्हणाला, की त्याच्या डिग्रीविषयी शंका सुरू होतात. पुढचा प्रकार आणखी मजेशीर. बारा हजारांच्या तपासण्या होतात, सगळे रिपोर्ट चांगले येतात, आणि घरावर अवकळा पसरते. “एवढं केलं आणि काही निघालं नाही!” काही न निघाल्याबद्दल पेढे वाटलेले मी पाहिलेले नाहीत. अशा पेशंटसाठीही पुस्तकात सोय आहे, झेड ७१.१: आजाराची भीती वाटत होती, निदान काहीच झालं नाही. तो कोड देवघरात लावण्याजोगा आहे.

विमा कंपनीलाही ‘काही निघालं नाही’ आवडत नाही, पण तिची कारणं रोख आहेत. क्लेम फॉर्मचा जो भाग इस्पितळाने भरायचा, त्यात आयसीडी कोडचे रकाने असतात. आणि आपल्या पॉलिसीत मागच्या पानांवर प्रमाणित अपवादांची यादी असते, तिच्यातला चौथा अपवाद असा: निव्वळ तपासणी आणि निदानासाठी दाखल झालात, तर खर्च मिळणार नाही. आता माणूस छातीत कळ आली म्हणून मध्यरात्री दाखल होतो. ईसीजी, रक्त, टू-डी इको, दोन दिवस देखरेख. हृदय ठणठणीत निघतं. हृदय बिघडलेलं निघालं असतं तर क्लेम मंजूर झाला असता. चांगलं निघालं म्हणून पत्रापत्री सुरू. मग टेबलापलीकडून कुणीतरी हळूच सुचवतं, डॉक्टरांना सांगून काहीतरी निदान लिहून घ्या ना. आणि ज्या डॉक्टराने आदल्या रात्री सचोटीने प्रश्नचिन्ह काढलेलं असतं, त्याच्यावर ते पुसायची वेळ येते. मला हे सगळ्यात वाईट वाटतं. अज्ञान कबूल करणाऱ्याला दंड आणि ठोकून देणाऱ्याला पैसे, अशी व्यवस्था असेल तर रोगांची आकडेवारी कुठल्या तोंडाने खरी येईल? एकदा कागदावर चढलेलं ते ‘काहीतरी’ मग पेशंटच्या मानगुटीवर बसतं. पुढच्या वर्षी पॉलिसी बदलायला गेला की आधीपासूनचा हृदयविकार म्हणून तेच समोर येतं.

वार्धक्याचंही असंच त्रांगडं आहे. दहाव्या आवृत्तीत ते अठराव्या प्रकरणातच बसतं, आर ५४. अकराव्या आवृत्तीत तिथे सरळ ‘म्हातारपण’ असं लिहायचं घाटत होतं. ज्येष्ठांच्या संघटनांनी आणि संशोधकांनी आवाज उठवला की वय हा काय रोग आहे? तेव्हा शब्द बदलून वयानुसार अंगभूत क्षमता उणावणं अशा अर्थाचं काहीतरी करण्यात आलं. पण राणी एलिझाबेथ २०२२ च्या सप्टेंबरात ९६ व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून दोनच शब्द होते, त्यांचा मराठी अर्थ वृद्धापकाळ. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या घरात एवढ्यावर भागलं, त्यावर कुणी क्वेरी टाकली नाही.

तेव्हा वाचकहो, तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला घरी सोडतील त्या दिवशी पिशव्या भरण्याच्या गडबडीतून पाच मिनिटं काढा आणि डिस्चार्ज कार्ड तिथेच बसून वाचा. निदानाच्या जागी लक्षणच लिहिलेलं असलं तर कुरकुरू नका आणि दुसरं नाव लिहून द्या असा आग्रह तर मुळीच धरू नका. फक्त दाखल करायची गरज का पडली आणि सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन, जे उपचार प्रत्यक्ष दिले ते तारखेवार लिहिलेत की नाही, एवढं बघा. नसतील तर लिहून मागा. विमा कंपनीशी वाद घालताना तेच उपयोगी पडतं. आणि पाच दिवसांनी दाखवायला बोलावलं असेल, तर बरं वाटत असलं तरी जा.